'ट्रेंच आर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठी: एका घरगुती संग्रहाच्या प्रदर्शनासाठी लेबलं मराठीत करतेय. त्यात 'ट्रेंच आर्ट' आहे, म्हणजे युद्धातल्या टाकाऊ साहित्यातून केलेल्या शोभेच्या वस्तू. वस्तू: पितळी फुलदाणी, पहिल्या महायुद्धातल्या १८ पौंडी ब्रिटिश तोफेच्या रिकाम्या पुंगळीची, कंबर आवळून घड्या पाडलेली. मी 'खंदककला' लिहिलं. कामठीचे एक निवृत्त सुभेदारकाका हसले, "खंदकात बसून नक्षी कोण करते?" 'पुंगळी'ही त्यांना पटेना.

कामठीकर: काका बरोबर आहेत. ठोकाठोक, भट्टी, ऐरण, आणि समोर शत्रू? ही कामं बहुतेक आघाडीच्या मागे झाली, कार्यशाळांत, इस्पितळांत, युद्धकैद्यांच्या छावण्यांत. युद्ध संपल्यावर फ्रान्स-बेल्जियममधल्या गावकऱ्यांनीही पर्यटकांना विकायला केली. 'सैनिकी भंगारकला' म्हणा.

शुद्धमती: भंगार? शी! 'रणधातुशिल्प' घ्या. 'खंदक' तसाही फारसी.

बर्डीवाला: बाप्पा! रणधातुशिल्प म्हटलं तर लोकं घोड्यावरचा पुतळा शोधतीन जी. खंदक फारसी, तोफ तुर्की, काडतूस पोर्तुगीज. सारंच काढलं तर लढाई काय लाटण्यानं करता?

शुद्धमती: थट्टा पुरे. 'मेयर'साठी 'महापौर' हा नवा शब्द काढला तेव्हाही लोक हसले होते, आज सगळे तेच म्हणतात. आणि पुंगळी बंदुकीची. तोफेचं ते कवच.

कामठीकर: कवच गोळ्याचं, ते उडून जाऊन फुटतं. तोफेपाशी उरते ती पुंगळीच, बोटभर असो की वीतभर. आम्ही तर 'खोखा'च म्हणायचो. हे खोखे परत पाठवून पुन्हा भरत, म्हणजे फुलदाणी हा खरं तर सरकारी माल.

बर्डीवाला: मग 'ढापकला' लिहा, झालं!

इतवारीचा कासार: नाव काहीही ठेवा, काम पाहा. पुंगळीत राळ नाहीतर शिसं ओतायचं, म्हणजे ठोकताना पत्रा नको तिथे दबत नाही. आम्हीही नक्षीच्या भांड्यात राळच भरतो. आणि ताई, बुडावर ठोकलेलं साल पुंगळीचं असते, फुलदाणीचं नाही. '१९१७ साली बनवलेली' असं लिहून बसाल.

धरमपेठी: अगदी तेच लिहिणार होते! पण मग शब्द कोणता?

संत्रानगरी: मध्येच विचारतो, आमच्याकडे असाच अ‍ॅशट्रे आहे. काळा पडलाय. चिंचेनं घासू?

इतवारीचा कासार: अजिबात नको. बारीक नक्षी झिजते, जुना रंग गेला की गेला. चिंच गुंडाला लावा.

शुद्धमती: गुंड? घागर म्हणायचंय का?

बर्डीवाला: गुंडच! घागर तुमच्या पुण्यात.