उत्तर: कम्युनिटी कॉलेजबद्दल ताईला काय सांगू?

मंडळी, नमस्कार.
महिनाभर पुण्यात आहे, कोथरूडला आईकडे. भाचा बारावी झालाय, त्याला कॅलिफोर्नियात पाठवायचं घाटतंय. मी म्हटलं, पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिथल्या स्थानिक दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात काढू दे, मग तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाईल. ताईचा चेहराच उतरला. "म्हणजे बाहेरून बीए केल्यासारखंच की!" आता हिला काय समजावू?

---

अगं, तिला डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जाणारी मुलं आठवत नाहीत का? निम्मं गणित तेच आहे.

आता थोडं पुराण. 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला हायस्कुलातच पदवीची पहिली दोन वर्षं शिकवायला सुरुवात झाली. विद्यार्थी सहा! कॅलिफोर्नियाने 1907 मध्ये हायस्कुलांना तशी कायद्याने मुभा दिली आणि 1910 मध्ये फ्रेस्नोला तिथलं असं पहिलं कॉलेज निघालं. तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला बर्कलीचं विद्यापीठ फार लांब, घरचं काम सोडून जाणार कसं? 1921 च्या कायद्याने कॉलेजांचे स्वतंत्र जिल्हे झाले. पैसा स्थानिक मालमत्ता कराचा आणि विश्वस्त गावाने मत देऊन निवडलेले. शिक्षणसंस्थेचं मंडळ आपल्या मतावर निवडून येतंय, ही कल्पना पुणेकराला पचायला जडच.

खरी मेख 1960 च्या मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे राज्याच्या उच्चशिक्षणाच्या आराखड्यात आहे. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) हायस्कुलातले वरचे साडेबारा टक्के, स्टेट युनिव्हर्सिटीला वरचे एक तृतीयांश, आणि कम्युनिटी कॉलेजांचं दार सगळ्यांना उघडं. आणि दोन वर्षांनी तिथून तिसऱ्या वर्षाला वर जायची वाट. 1978 मध्ये मालमत्ता करावर मर्यादा आली, पैशाची सूत्रं सॅक्रामेंटोकडे, म्हणजे राज्य सरकारकडे गेली आणि 1984 पासून फी सुरू झाली. त्याआधी शिकवणी फुकट होती!

मी स्वतः पन्नाशीत क्युपर्टिनोच्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे अकाउंटिंगचे वर्ग केले. शेजारच्या बाकावर एकोणीस वर्षांची पोरगी, पुढे तीच यूसीला गेली.

---

काका, डायरेक्ट सेकंड इयरची मात्रा लागू पडली. ताईचे दीरच तसे इंजिनिअर झालेत.

तिच्या धसक्याचं मूळही सापडलं. आपल्याकडे 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव 1995 मध्ये पुदुच्चेरीला आलं, 2013 च्या सुमारास यूजीसीनेही योजना काढली. पण इथे त्याचा अर्थ प्रामुख्याने कौशल्याचे छोटे कोर्स असाच राहिला. वर चढायचा जिना दिसत नाही, म्हणून आयांना ते नको वाटतं.

अटी पूर्ण केल्या तर यूसीच्या सहा कॅम्पसमध्ये प्रवेशाची हमी असते, पण बर्कली आणि यूसीएलए त्यात नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं. एफ-1 वाल्याला (विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला) कॅलिफोर्नियातल्या मुलांची फी लागत नाही, परगावचा चढा दर पडतो. त्यावर भावजींनी लगेच कॅल्क्युलेटर काढला.

ताईचं मात्र वेगळंच. बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नसतं म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मग जेवणार कुठे तो?" क्युपर्टिनोच्या आसपास कुणाकडे खोली असेल तर कळवा. पोरगा शाकाहारी आहे, कुकर लावता येतो.