सोलापूर: बाथरूमच्या भिंतीतला पाइप कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरात आईबाबांचं १९९६ सालचं घर आहे. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये आईचा पाय घसरला, थोडक्यात निभावलं. तिथं आधाराला स्टीलचा दांडा बसवायचाय. पण गेल्या वर्षी टॉवेल रॉड लावताना मिस्त्रीचं ड्रिल थेट पाइपात गेलं होतं. गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. या वयात बाबा हौदातून बादल्या ओढत होते, ते फोनवर ऐकवत नव्हतं. मे महिन्यात दहा दिवस जातेय. फोडाफोडी न करता लाइन कशी सापडेल?

---

ताई,

आधी बाबांना विचारा, बाथरूमचं काम मध्ये नव्यानं केलंय का? मूळचे पाइप बहुधा जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असतील, ते मेटल डिटेक्टरवर सापडतात. पण तो कॉलममधल्या सळईलाही वाजतो. नवीन काम असेल तर सीपीव्हीसी. ते प्लास्टिक, मशीन गप्प बसतं. मिस्त्री मशीन फिरवून "इथं काही नाही" म्हणाला तर ऐकू नका.

माझा भरवसा तळहातावर. पहाटे भिंती गार असताना गीझरचं पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडा, बादल्यांत धरा. टाइलवरून हात फिरवत जा, गरम पट्टा लागेल तिथं खडूनं खूण करा. गार पाण्याची लाइनही आपल्या सोलापुरात अशीच सापडते! मेमध्ये दुपारी टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापतं. तेव्हा साधा नळ सोडून आतल्या भिंती चाचपा. पश्चिमेची भिंत मात्र उन्हानं आधीच तापलेली असते, तिच्यावर काही कळायचं नाही.

नळाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत तर भोक नकोच. शक्यतो नळ नसलेली भिंत निवडा. ड्रिल लावण्याआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला लावा, समोर उभं राहून.

---

काका,

सोलापूरहून लिहितेय. पहाटे पाचला मी आणि बाबा दोघंही भिंत चाचपत होतो. गीझरपासून शॉवरपर्यंत लाइन सरळ असेल असं वाटलं होतं, पण ती दाराच्या चौकटीकडून तिरकी गेलीय. मिस्त्रीनं दांड्यासाठी केलेली पेन्सिलीची खूण बरोबर तिच्यावर होती! दांडा समोरच्या भिंतीवर घेतला. काल आई त्याला धरून एकटी उठली.

खडूच्या रेघांशेजारी टेप धरून चारही भिंतींचे फोटो काढलेत. प्रिंट बाबांच्या घरपट्टीच्या फाइलीत लावून ठेवल्यात.