टोमॅटोचं बूड काळं पडतंय, मदत हवी आहे

मंडळी, परसबागेत यंदा ब्रँडीवाइन या जुन्या वाणाची ४ रोपं लावलीत. बटाट्यासारखी पानं, वाढ झकास, पण पहिल्याच फळांचं बूड काळं पडलंय. चामड्यासारखा कोरडा, आत दबलेला डाग. देठाकडची बाजू मात्र ठणठणीत. कीड नाही, भोक नाही. फळाला कॅल्शियम कमी पडलं की असं होतं म्हणून अंड्याची टरफलं कुस्करून घातली, पण ती मातीत मुरायला महिने लागतात हे नंतर कळलं!

मला संशय पाण्याचा आहे. मध्ये चार दिवस पाणी चुकलं, मग एकदम भरपूर दिलं. आता पालापाचोळ्याचं आच्छादन करून रोज थोडं द्यावं की दोन-तीन दिवसांनी खोलवर? डागाळलेली फळं खुडून टाकू का? आणि याच झाडांच्या पुढच्या चांगल्या फळांचं बी धरलं तर चालेल ना?