रात्री गेटचा कॅमेरा सारखा रीस्टार्ट होतो, रेकॉर्डिंगही ५-६ दिवसांचंच राहतं

सोसायटी_कमिटी:
४ मेगापिक्सेलचे ८ आयपी कॅमेरे, ८ चॅनेलचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र), २ टीबी हार्ड डिस्क. गेटचा कॅमेरा ऑफिसपासून ८० मीटरवर आहे. केबल कॅट-५ई, तांब्याची. नारिंगी-हिरव्या जोड्यांतून डेटा, निळ्या-तपकिरी जोड्यांतून ऑफिसमधल्या एसएमपीएसचा (मेन विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) सप्लाय. दिवसा चित्र ठीक, अंधार पडला की दर मिनिटा-दोन मिनिटांनी रीस्टार्ट. कॅमेरा बदलला, तरी तेच. टोकाला मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. मोबाइलवर बघायला राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (इंटरनेटवरून एनव्हीआरपर्यंत वाट उघडणारी सेटिंग) केलं, तेही चालत नाही.

केबलवाला_नाशिक:
मीटर लावताना कॅमेऱ्याची पिन काढलेली असणार. लोड नसताना १२ दिसणारच. पिन जोडलेली ठेवून, आयआर दिवे (अंधारात बघण्यासाठी कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे) लागल्यावर मोजा.

हिशोब असा: २४ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेला १०० मीटरमागे साधारण ८.४ ओहम रोध. ८० मीटरला ६.७. जाताना दोन तारा एकत्र, येताना दोन, म्हणजे एकूण पुन्हा ६.७ ओहमच. दिवसा कॅमेरा ४ वॅट घेत असेल तर टोकाला जेमतेम ९ व्होल्ट उरतात, तेवढ्यावर तो कसाबसा चालतो. रात्री आयआरसकट ७ वॅट लागले तर या तारेतून १२ व्होल्टवर तेवढी पॉवर पोचूच शकत नाही. व्होल्टेज कोसळतं, कॅमेरा बंद पडतो, लोड जातो, पुन्हा सुरू होतो.

खात्रीसाठी एक रात्र सेटिंगमधून आयआर बंद ठेवा. रीस्टार्ट थांबले तर दोष सप्लायचाच.

एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवू नका. गेटला ते पुरत नाही, आणि जवळच्या कॅमेऱ्यांना जास्त जातं. खरा उपाय ८०२.३एएफ पीओई स्विच, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच डेटा आणि वीज दोन्ही देणारा स्विच. ४८ व्होल्टवर तेच ७ वॅट द्यायला सुमारे ०.१५ अँपिअर लागतात, तारेत फक्त १ व्होल्टच्या आसपास पडतो. आधी निळ्या-तपकिरी जोड्यांवरचा १२ व्होल्ट पूर्ण सोडवा, मग आठही तारा दोन्ही टोकांना एकाच रंगक्रमाने पंच करा. कॅमेरा पीओईचा नसेल तर त्याच्या टोकाला ४८ वरून १२ करणारा एएफ स्प्लिटर लावा. स्वस्तातली पॅसिव्ह जोडी नको, ती ऑफिसमधून १२ व्होल्टच पाठवते, म्हणजे आहे तीच अडचण.

पावसाळी_जोड:
जोड उघडणारच आहात तर आरजे-४५ ला वॉटरप्रूफ टोपी घाला आणि जोड जंक्शन बॉक्समध्ये ठेवा. केबल बॉक्सच्या खालून वर आत घ्या, म्हणजे पाणी तारेवरून ओघळून बाहेरच पडेल. पिनांवर हिरवट थर दिसला तर प्लग कापून नवाच लावा, पुसून भागत नाही.

डिस्क_हिशोबी:
४ एमबीपीएसचा (सेकंदाला ४ मेगाबिट डेटा देणारा) एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी घेतो. आठांचे ३४५.६ जीबी, म्हणून २ टीबी सहा दिवसांच्या आतच भरते. डिस्क बिघडलेली नाही.

एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवणारी पद्धत), सेकंदाला १५ फ्रेम आणि २ एमबीपीएस ठेवलं तर कॅमेऱ्यामागे २१.६ जीबी. जिने-पार्किंगला तेवढं पुरतं. गेटचा मात्र ४ वरच ठेवा, रात्री नंबर प्लेट वाचायची असते. मग दिवसाला १९४.४ जीबी, ३० दिवसांचे ५.८ टीबी. ६ टीबीत अगदी काठोकाठ बसेल, ८ टीबी घ्यावी हे माझं मत. त्याआधी एनव्हीआर एका डिस्कला कमाल किती टीबी घेतो ते बघा. डिस्क सर्व्हेलन्सची घ्या, डेस्कटॉपची नको. मोशनवर, म्हणजे हालचाल दिसली तरच, रेकॉर्डिंग करून जागा वाचते, पण गेटवर तो मोह टाळा. नेमका हवा तो क्षण सुटू शकतो.

राउटर_आतबाहेर:
राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत पोचणार नाही. आणि चाललं असतं तरी नको म्हटलं असतं, कारण एनव्हीआरचं लॉगिन पान सगळ्या जगासमोर येतं. केलेलं फॉरवर्ड काढा, यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सेटिंग) बंद करा, फर्मवेअर अद्ययावत करा, एनव्हीआरचा मूळ पासवर्ड बदला. बघण्यासाठी कंपनीच्या ॲपमध्ये क्यूआर कोडने पी२पी (पोर्ट न उघडता कंपनीच्या सर्व्हरमार्फत होणारी जोडणी) जोडा, आणि सभासदांना फक्त बघण्यापुरतं वेगळं लॉगिन द्या. ॲडमिनचा पासवर्ड सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.