आर्थिक पडझडीच्या काळासाठी घराची तयारी : मुंबईकरांचे अनुभव

धागाकर्ता (विलेपार्ले, निवृत्त बँक कर्मचारी)

जुलै १९९१मध्ये मी फोर्टमधील एका बँकेच्या परकीय चलन विभागात काम करीत होतो. त्या महिन्याच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पुढच्या काही दिवसांत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण म्हणून ठेवले. देशाची परकीय गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली होती. तरीही आमच्या खिडक्यांवर पगार, निवृत्तिवेतन आणि मुदतठेवींचे व्यवहार रोजच्यासारखे चालू राहिले, आणि त्यामुळे संकट किती जवळून गेले याची बहुतेक ठेवीदारांना जाणीवही झाली नाही. श्रीलंकेला २०२२मध्ये ते साधले नाही आणि तेथील सामान्य माणसाने त्याची किंमत मोजली.

या धाग्यावर भाकिते नकोत. आपल्या घराने पैसा, धान्य, औषध किंवा काम यांपैकी काही एकाएकी तुटल्याचा काळ पाहिला असेल, तर तेव्हा नेमके काय उपयोगी पडले आणि त्यावरून आज आपण कोणती व्यवस्था ठेवली आहे, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. मुंबईतल्या एक-दोन खोल्यांच्या घरात जमेल तेवढेच सांगावे.

सुरुवात मी करतो. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री ५०० आणि १०००च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्य त्या दोन नोटांत होते. ज्यांच्याकडे १०, २०, ५० आणि १००च्या नोटा होत्या, त्यांच्या घरी दूध, भाजी आणि औषध येत राहिले. एका महिन्याचे वाणसामान, दूध आणि औषधे भागतील एवढी रक्कम मी तेव्हापासून लहान नोटांत घरी ठेवतो आणि खर्चासाठी तिला हात लावत नाही.

लालबाग, शिक्षिका

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माझे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार एकदम थांबला. ते राष्ट्रीय संकट नव्हते हे मला मान्य आहे. परंतु लालबाग-परळमध्ये राहणाऱ्यांसाठी आर्थिक कोसळणे याहून वेगळे नसते, कारण गिरणीच्या पगारावर केवळ कामगार नव्हे, तर वाणी, शिंपी, न्हावी, खानावळ आणि भिशीही चालत असे.

आमची आई खानावळ चालवीत होती. वडिलांचा पगार थांबला तरी आईच्या कमाईवर घर तगेल, असे सर्वांना वाटले होते. तसे झाले नाही, कारण तिच्याकडे जेवणारे सगळे गिरणी कामगारच होते आणि त्यांच्याकडेही तिला देण्यासाठी पैसे उरले नाहीत. घरातील दुसरे उत्पन्न पहिल्या उत्पन्नाच्याच झऱ्यावर अवलंबून असेल, तर तो आधार केवळ दिसण्यापुरता असतो. या धाग्यावर मला सर्वांत कळकळीने सांगावेसे वाटते ते हेच. पुढे आईने फोर्टमधील सरकारी आणि विमा कचेऱ्यांतील लोकांना चपाती-भाजीचे डबे देण्यास सुरुवात केली आणि तेथून घरात पुन्हा पैसा येऊ लागला. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे आमच्या भागातील खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले होते, म्हणून भांडी आणि शेगडीसाठी तिला सावकाराचे दार ठोठवावे लागले नाही.

वाण्याने काही महिने उधारी दिली. नंतर घरातले पितळी हंडे विकले गेले आणि माझे दोन धाकटे भाऊ साताऱ्याला आत्याकडे गेले. कोकणातील आणि घाटावरील अनेक कुटुंबांनी तेच केले. गावाशी संबंध टिकलेला होता म्हणून मुले उपाशी राहिली नाहीत. आज मी आणि माझे यजमान वेगवेगळ्या क्षेत्रांत नोकरी करतो, शिधापत्रिका चालू ठेवली आहे, आणि वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद वेळेवर करून घेतली आहे. जमीन कसणाऱ्या चुलतभावाला आम्ही दर वर्षी बियाण्याच्या खर्चाचा वाटा पाठवतो. अडचण आल्यावरच आठवण काढणाऱ्या नातेवाइकाला गावातही जागा अवघड होते.

मुलुंड, लेखापाल

आमच्या सहकारी बँकेवर एका सकाळी निर्बंध आले आणि ठेवीदारांना अगदी तुटपुंजी रक्कम काढण्याची मुभा उरली. सासऱ्यांची शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्यांच्या ठेवी त्याच बँकेत होत्या. पण सासूबाईंचे निवृत्तिवेतन दुसऱ्या बँकेत जमा होत असल्यामुळे रुग्णालयाची अनामत भरता आली.

तेव्हापासून मी नात्यातील प्रत्येकाला दोन गोष्टी समजावून सांगते. ठेव विमा प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच असतो. ४ फेब्रुवारी २०२०पूर्वी ही मर्यादा १ लाख रुपये होती. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवल्याने ती वाढत नाही, कारण सर्व शाखांतील रक्कम एकत्र धरली जाते; मात्र एकट्याच्या नावावरील ठेव आणि संयुक्त नावाची ठेव वेगळी मोजली जाते. दुसरी गोष्ट अशी, की पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. आपल्या चाळीत आणि सोसायट्यांत पतपेढीलाही सर्रास बँक म्हटले जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. ठेव विम्याच्या कायद्यात २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे. त्यामुळे किमान तीन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत असावा, एवढा हिशेब कोणालाही करता येईल.

गोरेगाव, अभियंता

मुलुंडच्या ताईंनी लिहिलेले सर्व बरोबर आहे, परंतु देशच अडचणीत येतो तेव्हा ठेव सुरक्षित असूनही तिची किंमत घटते. मी २०२२मध्ये कामानिमित्त कोलंबोत होतो. माझे खाते शेवटपर्यंत चालू होते. मात्र सप्टेंबरमध्ये तेथील महागाईचा दर ७० टक्क्यांच्या जवळ पोहोचला आणि त्याच पगारात पूर्वीइतके सामान येईना.

सर्वांत आधी बाजारातून नाहीशा झाल्या त्या आयात होणाऱ्या वस्तू : इंधन, स्वयंपाकाचा गॅस, दुधाची भुकटी, औषधे. मार्चमध्ये कागद आणि शाई मिळेना म्हणून पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले, आणि जुलैनंतर प्रत्येक वाहनाला क्यूआर कोडवर आठवड्याचे ठरावीक इंधन मिळू लागले. माझ्या घरमालकिणीने परसात चूल मांडली. गॅसची टाकी रिकामी आणि वीज तासन्‌तास बंद, अशा वेळी केवळ विजेच्या शेगडीवर विसंबून राहिलेल्या वरच्या मजल्यांवरील कुटुंबांचे हाल मी पाहिले आहेत.

भारताची स्थिती वेगळी आहे. तांदूळ आणि गहू आपण स्वतः पिकवतो. पण खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक आणि खनिज तेलाचा बहुतांश पुरवठा बाहेरून येतो. म्हणून माझ्या घरी तांदळापेक्षा तेलाचा आणि इंधनाचा विचार आधी होतो. गॅस आणि वीज या दोन्हींवर स्वयंपाक होईल अशी सोय आम्ही केली आहे. शिवाय भिजवलेली कडधान्ये, सातूचे पीठ आणि पोहे यांसारखे कमी इंधनात किंवा इंधनाशिवाय खाता येणारे पदार्थ नेहमी घरात असतात.

दादर, किराणा दुकानदार

साठवणुकीविषयी दुकानदाराच्या नात्याने लिहितो. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा लोकांनी पोत्यांनी पीठ नेले आणि पावसाळ्यात त्याला जाळे धरले. पीठ साठवू नये, गहू साठवावा. जुना तांदूळ, अख्खी कडधान्ये, मीठ, गूळ आणि चहा यांचा सहा आठवड्यांचा साठा घरात असावा, आणि त्यातूनच रोज वापरून दर महिन्याला भर घालावी, म्हणजे काहीही शिळे होत नाही. मुंबईच्या दमट हवेत धान्याला कडक ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवणे हाच उपाय मला खात्रीचा वाटतो. यापेक्षा अधिक साठा करणाऱ्यांमुळे भाव चढतात आणि रोजंदारीवरील माणसाला ते धान्य मिळत नाही. तशी मागणी आल्यास मी माल देत नाही, मग समोरचा जुना ग्राहक का असेना.

मालाड, औषधविक्रेती

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड आणि फिट्स यांची औषधे एक दिवसही चुकवू नयेत; त्यांचा महिन्याभराचा अधिकचा साठा डॉक्टरांच्या चिठ्ठीनिशी ठेवावा आणि आधी संपणाऱ्या मुदतीचे औषध आधी वापरावे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, म्हणजे एका कंपनीचे मिळाले नाही तरी दुसऱ्या कंपनीचे घेता येते. आपल्याकडील अनेक औषधांचा कच्चा माल चीनमधून येतो, त्यामुळे टंचाई औषधांपर्यंत लवकर पोहोचू शकते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. वीज गेल्यास दोन मडक्यांच्या मध्ये ओली वाळू भरून केलेली सोय काही काळ उपयोगी पडते. मात्र मुंबईच्या दमट हवेत ती विदर्भाइतका गारवा देत नाही, हे लक्षात ठेवावे.

माहीम, गृहिणी

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा आम्ही तेथे होतो. अम्मानमार्गे विमानाने मुंबईला परतलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांत आमचे कुटुंब होते. वडिलांची बचत तेथील बँकेत अडकली आणि जवळच्या दिनारच्या नोटा इथे कोणी घेईना. आईच्या हातातल्या बांगड्या आणि आजीकडे माहीमला ठेवलेल्या पदवी-प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, या दोन गोष्टींवर आमचे नवे आयुष्य सुरू झाले. वडिलांना त्या प्रतींमुळेच दिवाळीपूर्वी नोकरी मिळाली. आमच्या घरातील प्रत्येकाच्या कागदपत्रांचा एक संच आजही दुसऱ्या शहरातील नातेवाइकांकडे असतो.

गिरगाव, सराफी पेढीवरील कारागीर

माहीमच्या ताईंच्या अनुभवाला जोडून सांगतो. अडचणीच्या वेळी मोडायचे सोने साधे असावे. खड्यांच्या आणि मीनाकामाच्या दागिन्यात मजुरी व घट मोठी जाते. हॉलमार्क असलेली वळी, वेढणी आणि लहान नाणी यांचे पैसे लगेच आणि पुरेपूर मिळतात. पावती जपून ठेवावी. मोठे बिस्किट घेऊ नये, कारण महिन्याच्या किराण्यासाठी ते तोडता येत नाही.

घाटकोपर, भाडेकरू

वर घर, शेत आणि सोने यांविषयी लिहिले गेले. आमच्याकडे यांपैकी काही नाही. मुंबईतल्या भाडेकरूचा सर्वांत मोठा खर्च भाडे हाच असतो आणि उत्पन्न थांबताच पहिला धोका छपरालाच असतो. २०२०च्या टाळेबंदीत माझा पगार बंद झाला, तेव्हा मी घरमालकांना भेटून अनामत रकमेतून भाडे वळते करून घेण्याची विनंती केली आणि काकांनी ती मान्य केली. त्यानंतर अकरा महिन्यांच्या प्रत्येक करारात मी तशी अट लिहूनच घेतो : उत्पन्न थांबल्याचा पुरावा दिल्यास तीन महिन्यांपर्यंतचे भाडे अनामतीतून वजा होईल आणि काम मिळाल्यावर ती रक्कम हप्त्यांनी भरून काढली जाईल. नव्या घरमालकांनी आधी नकार दिला होता. पण मंदीत रिकाम्या घराला भाडेकरू मिळणे किती कठीण असते, हे त्यांनी २०२०मध्ये स्वतः अनुभवले होते, म्हणून शेवटी त्यांनी त्या अटीसह करार नोंदवला.