शाकाहारी व्हायचं तर कोंबडीसाठी व्हा, सोवळ्यासाठी नको

घोडबंदरकर:
आमच्या सोसायटीच्या मीटिंगला विषय निघाला की नॉनव्हेज खाणाऱ्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही. मी स्वतः शाकाहारी आहे, जन्माने नाही, ठरवून झालोय, आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. वास येतो, तामसी असतं, आमच्यात चालत नाही, या कारणांत प्राणी कुठेच नाही, सगळं आपल्याच सोयीचं. माझं कारण ब्रॉयलर कोंबडी. सकाळी चिकनच्या दुकानासमोर टेम्पो लागतो तेव्हा जरा थांबून बघा, क्रेटमधून पायाला धरून चार-पाच कोंबड्या एकदम उलट्या काढतात, काट्यावर टाकतात, मग मान कापून प्लास्टिकच्या ड्रममध्ये, ड्रम आतून धडधड वाजत राहतो आणि गिऱ्हाईक शेजारी मोबाईल बघत उभं असतं. ती कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तेवढ्यात दोन किलो भरावी अशीच तिची जात तयार केलीय, पुष्कळ कोंबड्यांना स्वतःचं वजन पायावर पेलत नाही. अंड्यावाली पिंजऱ्यात, साधारण ए-फोर कागदाएवढ्या जागेत वर्षभराहून जास्त. हे माझ्या ताटासाठी व्हायला नकोय. आरोग्याचं कारण मी मुद्दाम देत नाही. सॉसेज-सलामीसारखं प्रोसेस्ड मीट डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत टाकलं हे खरंय, पण त्यावरून बांगडा वाईट ठरत नाही.

दिवाळे गावचा:
कोंबडीचं मान्य. पण "शाकाहारी व्हा" म्हटलं की आमची मासळी पण आली ना त्यात? बोंबील, मांदेली, जवळा यांना कोणी खाद्य घालत नाही की कोणी पिंजऱ्यात ठेवत नाही. उलट तुमच्या पनीरच्या मागे म्हैस आहे, तिचा चारा आहे, पाणी आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना एफएओ, तिच्या २०१३ च्या अहवालात माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १४.५ टक्के पशुपालनातून येतात असं दिलंय, त्यात दुभती जनावरं पण धरलीयत. खाडीतला जिताडा आणि चिंबोरी कमी झाली ती आम्ही खाल्ली म्हणून नाही, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी आणि भराव यांनी वाट लावली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, समुद्राला विसावा द्यायचा हे आम्हाला बाहेरून कोणी शिकवायला नको. आणि भाड्याचं म्हणाल तर आगरी-कोळ्यांच्या जमिनी नवी मुंबई वसवायला सिडकोने घेतल्या, त्यावर टॉवर उभे राहिले, आता त्याच टॉवरमध्ये आमच्या पोरांना सुक्या बोंबलाच्या वासावरून घर नाकारतात. याचा राग येतो आणि येणारच.

घोडबंदरकर:
दादा, राग रास्त आहे, भाड्याच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने. मासळीचं मात्र एवढं सोपं नाही. तुमच्या छोट्या होडीचं ठीक, पण ट्रॉलरवाले बारीक जाळी लावून बोटभर पापलेट उचलतात तेच मार्केटला येतं. मासा जाळ्यात घुसमटून मरतो हेही आहेच.

दिवाळे गावचा:
मग ट्रॉलरविरुद्ध बोला, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध बोला, आम्ही पण तेच बोलतोय कधीपासून! त्यासाठी मासे सोडायची काय गरज?

नेरुळची आई:
मुलगी कॉलेजला जायला लागली आणि एकदम शाकाहारी झाली, तिच्या निर्णयाचा मान ठेवते पण काळजी वाटते. बी-१२ वनस्पतीत भरवशाचं मिळत नाही, दूध-दही पुरेसं नसेल तर गोळी घ्यावीच लागते, शाकाहाऱ्यांमध्ये कमतरता खूप कॉमन आहे. प्रोटीनचं पण नीट धरा. किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम, आणि आपल्या वाटीभर पातळ वरणात असतं जेमतेम पाच-सहा. कोरड्या सोया चंक्समध्ये १०० ग्रॅमला ५० च्या आसपास असतं, शिवाय चवळी, मटकी, शेंगदाणे आहेत. होतं सगळं, पण ठरवून करावं लागतं, नुसती बटाट्याची भाजी-पोळी खाऊन नाही होत.

कोपरखैरणेची सून:
आमचं आगरी घर, सासरे माळकरी. तुळशीची माळ घातली त्या दिवसापासून मटण-मासे बंद, कोणाला कारण सांगत बसले नाहीत. घरात बाकी सगळे खातात, त्यांचा तवा वेगळा. आणि तरीही गणपती झाले की कोलंबी आणायला तेच स्वतः बाजारात जातात, नातवंडांसाठी निवडून आणतात. मूळ धाग्यात श्रद्धेला सोयीचं कारण म्हटलंय ते मला लागलं. श्रद्धेने सोडणारे सगळेच दुसऱ्याचं घर नाकारत नाहीत.

घोडबंदरकर:
ताई, तुमच्या सासऱ्यांसारख्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्यांनी स्वतःपुरतं सोडलं. माझा विरोध दुसऱ्याच्या फोडणीवर पहारा ठेवणाऱ्यांना आहे.

कळवा वेस्ट:
सगळे कोंबडीवर रडतायत, दुधाचं काय? म्हशीला दूध यायला आधी रेडकू व्हावं लागतं, ते नर निघालं की तबेल्यात त्याला कोण पोसतं? गाईचं तर अजून अवघड, २०१५ च्या कायद्यानंतर राज्यात बैल पण कापता येत नाही, म्हणजे शेतकऱ्याने सांभाळायचा नाहीतर सोडून द्यायचा. दूध-तूप खाऊन "मी प्राण्यासाठी शाकाहारी" हे मला पटत नाही.

घोडबंदरकर:
दुधाचा मुद्दा खरा आहे. पण त्यातून "चिकन चालेल" असं कसं काय निघतं, दूधही कमी करा असं निघतं. घरी चहा सोडून बाकी दूध बंद केलंय, पनीरच्या जागी टोफू.

कळवा वेस्ट:
आणि शेळी? माझं गाव माण तालुक्यात, पाऊस नाही झाला की ज्वारी जाते पण शेळी झाडपाला खाऊन जगते, पोराची फी भरायची वेळ आली की आई एक बोकड विकते. शेती नसलेल्या बायांकडे तेवढंच असतं. तिला कुठल्या तोंडाने सांगणार तुम्ही?

घोडबंदरकर:
तिला नाहीच सांगत. ज्याच्या खाली किराणा दुकान आहे, भाजीवाला आहे, सगळी कडधान्यं मिळतात आणि तरी आठवड्यातून चारदा फोनवर बोनलेस मागवतो, त्याला सांगतोय.

कळवा वेस्ट:
मग धाग्यात तसं लिहा. "शाकाहारी व्हा" वाचलं की माझ्या आईलाच बोलल्यासारखं वाटतं.