पारानातले पाकट: दोष टाकीवाल्यांचा की धरणाचा?

नदीवेडा:
"ब्राझीलच्या पाराना नदीत विषारी पाकट पसरलेत, मासे पाळणाऱ्या शौकिनांनी टाक्या नदीत ओतल्या त्याचं हे फळ, दिसेल त्याची शेपटी छाटा" अशी पोस्ट सध्या फिरतेय. पाकट म्हणजे तळाशी राहणारा चपटा मासा, शेपटीवर विषारी काटा असलेला. कारण चुकीचं आणि उपाय घातक, म्हणून सविस्तर लिहितो.

पोटामोट्रायगॉन वंशातले हे गोड्या पाण्यातले पाकट खालच्या पारानातले मूळचेच. वर जायची वाट सेते केदासच्या धबधब्यांनी अडवली होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये इताइपू धरणाचा जलाशय भरला, धबधबे बुडाले आणि तीसहून जास्त जातींचे मासे वर सरकले. पाकट त्यांतलेच. पुढच्या धरणांवर बोटींसाठी लॉक, म्हणजे दारं असलेले पाण्याचे हौद, आहेत. बोट वर चढवायला लॉकमध्ये पाणी भरतात, तेव्हा आत शिरलेला मासाही वर जातो. तिएते नदीकडची वाट अशीच उघडली.

आणि शेपटी छाटली तरी मादी पिल्लं घालतेच. पसारा थांबत नाही, छाटणाऱ्याचा हात मात्र काट्यापाशी जातो.

काचटाकी:
धरणाचं मान्य. पण सगळा दोष धरणावर टाकून शौकिनांना मोकळं सोडू नका. सिंगापूरच्या अप्पर सेलेटार जलाशयात मोटोरो पाकट (पोटामोट्रायगॉनचीच एक जात) कोणत्या धबधब्यावरून आले? ते दक्षिण अमेरिकेतून पाळीव माशांच्या व्यापारातून गेले आणि तिथे त्यांची वीण झाली. आपल्याकडेही तळहाताएवढं पिल्लू विकलं जातं आणि ६ बाय ३ बाय २ फुटांची, म्हणजे हजार लिटरची टाकी कोणी सांगत नाही. पाकटाच्या अंगाची तबकडी दीड फुटाच्या पुढे गेली की माणूस तलाव शोधतो. तिलापिया आणि आफ्रिकन मांगूरने आपल्या नद्यांचं काय केलं ते दिसत नाही का?

नदीवेडा:
दिसतं. पण धागा पारानाबद्दल आहे. तिथे टाकीवाल्याला धरलं की लॉक चालवणारे सुटतात.

काचटाकी:
आणि तुमच्या लिखाणाने विकणारे सुटतात!

खाडीवाला:
भांडत बसा. काटा लागला तर काय करायचं ते कोणीच लिहीत नाही. आमच्याकडे खाडीत पाकट लागलं की वर घट्ट दोरी बांधतात आणि रॉकेल ओततात. तेच तिथेही करावं.

मलमपट्टी:
खाडीवाले दादा, कृपा करून हे पसरवू नका. दोरीने रक्त अडतं, आणि या विषाने मांस आधीच मरत असतं. रॉकेलने जखम आणखी भाजते.

समुद्री पाकटात विषाच्या पेशी काट्याच्या बाजूच्या खाचांत असतात. गोड्या पाण्यातल्यात त्या काट्यावरच्या सगळ्या त्वचेवर पसरलेल्या असतात, म्हणून तिथली जखम जास्त सडते. काट्याचे दाते मागे वळलेले असतात. बाहेर येताना तो मांस फाडतो आणि त्वचेचे तुकडे आत सोडतो.

जखम स्वच्छ पाण्याने धुवा. पाय सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं ठेवा, पाणी निवलं की बदला. पाणी आधी दुसऱ्या, धड पायाने तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपसू नका, तसाच घेऊन दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आत तुकडा राहिलाय का ते बघू द्या. लगेच टाके घालून जखम बंद करू नये, आत पू होतो. या विषावर प्रतिविष नाही.

खाडीवाला:
गरम पाण्याने विष उतरतं म्हणजे झालंच की!

मलमपट्टी:
नाही. वेदना उतरते. मांस मरणं त्याने थांबेलच असं नाही. दुखणं गेलं म्हणून घरी बसलेला माणूस पुढे काळी पडलेली जखम घेऊन येतो.

खाडीवाला:
बरं बाबा, रॉकेल मागे घेतो. दोरीचंही बघू.

नदीवेडा:
मलमपट्टी यांच्या लिखाणात एक भर. उथळ वाळूत पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत सरका आणि पुढे काठी टेकवत चला. धक्का लागला की पाकट पळतं, वरून पाय पडला तर मारतं. पातळ रबरी बुटांवर विसंबू नका, काटा आरपार जातो.

काचटाकी, विक्रेत्यांबद्दलचं तुमचं पटलं, पारानाबद्दलचं नाही.

काचटाकी:
मग मूळ मजकुरात सेलेटारचा एक परिच्छेद घाला. तोवर माझा विरोध कायम.